फोन बंद असूनही रिंग कशी ऐकू येते?

प्रश्न: समोरचा फोन बंद आहे हे पक्कं ठाऊक असतानाही कधी 'स्विच ऑफ' ऐकू येतं, कधी 'कव्हरेज क्षेत्राबाहेर', तर कधी चक्क रिंग जाते. ही रिंग वाजते तरी कुठे?

टॉवरवाला: आपल्याला ऐकू येते ती समोरच्या फोनची घंटी नसतेच. तो वेगळा सूर असतो. भारतात ४०० हर्ट्झचा: ०.४ सेकंद सूर, ०.२ शांतता, पुन्हा ०.४ सूर, मग २ सेकंद शांतता. पूर्वी तो एक्सचेंजमधून यायचा. व्होल्टीईवर (४जी नेटवर्कवरून जाणाऱ्या कॉलवर) नेटवर्ककडून '१८० रिंगिंग' हा संदेश आला की बऱ्याचदा तुमचाच हँडसेट तो वाजवतो. हा संदेश समोरचा फोन वाजू लागल्यावरच निघायला हवा. पण परदेशातून इंटरनेटमार्गे येणाऱ्या कॉलमध्ये एखादा मधला गेटवे (दोन नेटवर्क जोडणारी यंत्रणा) तो आधीच पाठवून देतो. दोन-तीन रिंगनंतर अचानक 'स्विच ऑफ' ऐकू आलं तर बहुधा हेच झालेलं असतं.

सिग्नल: देशातल्या देशात असं होत असेल तर आधी समोरच्या फोनचं कॉल फॉरवर्डिंग बघा. 'संपर्काबाहेर असताना' हा पर्याय चालू असेल, तर फोन बंद असताना दुसऱ्या नंबरवर खरीखुरी रिंग जाते. त्या फोनवरून तपासायला *#६२#, काढायला ##६२# डायल करा. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून यूएसएसडीवरचं (म्हणजे अशा * आणि # च्या कोडवरचं) फॉरवर्डिंग थांबवायला सांगितलं होतं, त्यामुळे कोड चालला नाही तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जा. तिथे अनोळखी नंबर दिसला तर तो लगेच काढा. कॉलवरून येणारे ओटीपी त्या नंबरवर जाऊ शकतात.

टॉवरवाला: अगदी बरोबर. आणि 'स्विच ऑफ' या घोषणेवरही फार विसंबू नका. फोन नीट बंद केला तर तो जाता जाता नेटवर्कला तसं कळवतो. बॅटरी एकदम गेली किंवा माणूस तळघरात शिरला, तर नेटवर्कला पत्ताच नसतो. ते शेवटच्या ठाऊक भागातल्या टॉवरवरून हाका मारतं, उत्तर येत नाही, तुम्हाला काही सेकंद नुसती शांतता आणि मग घोषणा.

प्रश्नकर्ता: व्हॉट्सॲपवर?

सिग्नल: स्क्रीनवर 'कॉलिंग' असेपर्यंत कॉल पोहोचलेला नसतो, 'रिंगिंग' आलं की पोहोचला. मात्र तेच खातं लॅपटॉपवर जोडलेलं असेल, तर फोन बंद असूनही तिथे कॉल वाजू शकतो.