शाहझिया सिकंदर, आबालाल आणि ‘मुस्लिम चित्रकार’ हा शिक्का

रेषा_मंगळवारपेठ (धागाकर्ती):
कोल्हापुरात चित्रकला शिकणाऱ्या पोरांना इथलेच जुने चित्रकार आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर तोंडपाठ असतात. असायलाच हवेत. पण मुस्लिम ओळख आणि इंग्रजी साम्राज्यानं कलेवर टाकलेलं ओझं हे विषय हाताळणाऱ्या चित्रकार शाहझिया सिकंदरही त्यांच्या अभ्यासात असाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

जन्म लाहोरचा, १९६९ चा. शिकल्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये, म्हणजे इंग्रजांनी १८७५ मध्ये काढलेल्या मेयो स्कूलमध्ये. त्या शिकत होत्या तेव्हा लघुचित्र (मिनिएचर, जुन्या हस्तलिखितांत असतं तसं छोटं, बारीक चित्र) म्हणजे पर्यटकांना विकायचा माल, अशी समजूत होती. बाईंनी नेमकं तेच निवडलं. कागदावर कागद चिकटवून वसली करायची, घोटून गुळगुळीत करायची, खारीच्या केसांच्या कुंचल्यानं बारीक ठिपक्यांत रंग भरायचा. १९८९-९० च्या ‘द स्क्रोल’ या लांबलचक लघुचित्रामध्ये पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी घरभर खोल्याखोल्यांतून फिरते. चेहरा कुठंच दिसत नाही. शेवटी ती पाठमोरी उभी राहून स्वतःचंच चित्र रंगवते. मुसलमान बाई म्हटलं की बघणाऱ्याच्या मनात जे ठरलेलं असतं, त्याला यात जागाच नाही.

आणि २०१६ चं ‘डिसरप्शन ॲज रॅप्चर’ हे त्यांचं ॲनिमेशन तर आपल्या दारातलं. त्याचा आधार नुसरतीचं ‘गुलशन-ए-इश्क’. नुसरती विजापूरच्या आदिलशाही दरबारचा कवी, भाषा दखनी. हे काव्य झालं त्या काळात आपला पन्हाळाही आदिलशाहीतच होता. त्याची १७४३ ची सचित्र प्रत आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे, आणि ती चित्रं पडद्यावर हलती केली लाहोरच्या बाईंनी. आपल्याला का सुचलं नाही?

जलरंग_रंकाळा:
ताई, कामाबद्दल वाद नाही. वाद ‘मुस्लिम ओळख’ या चौकटीशी आहे. मी मुसलमान आहे आणि निसर्गचित्रं करतो. प्रदर्शनात येऊन लोक विचारतात, ‘तुमच्या समाजात चित्र चालतं का?’ रंगाबद्दल, कागदाबद्दल त्यानंतर, तेही वेळ उरला तर. आबालाल मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, इथं कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून ऊन आणि पाणी रंगवत राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं ते हात बघून. ती मोकळीक आम्हालाही हवी.

पेठकर_०९:
मला तर हे सगळं पाश्चात्त्यांसाठी केलेलं वाटतं. राहायचं न्यूयॉर्कला, प्रदर्शनं तिथंच, आणि साम्राज्यशाहीवर टीका! तिथं याला टाळ्याच मिळणार.

रेषा_मंगळवारपेठ:
टाळ्या? ह्यूस्टनच्या विद्यापीठात त्यांचा अठरा फुटी ‘विटनेस’ हा पुतळा होता. वेण्या शिंगांसारख्या वळवलेल्या, गळ्याशी न्यायाधीशांची लेसची कॉलर. गर्भपाताला विरोध करणाऱ्यांनी त्याला सैतानी ठरवलं. जुलै २०२४ मध्ये वादळात वीज गेलेली असताना कुणीतरी त्याचं मुंडकं तोडलं. सिकंदर म्हणाल्या, दुरुस्त करू नका, तसाच राहू दे. टाळ्यांसाठी काम करणारा माणूस हे म्हणत नाही, दादा.

जुना_विद्यार्थी:
मूळ पोस्टमधला एक सूर मला खटकला. इंग्रजांच्या शाळेतून आलेलं सगळं ओझंच, असं वाचताना वाटतं. जे. जे. १८५७ ची, तिथं ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन शिकवत, हे खरं. पण वास्तवदर्शी चित्रण कोल्हापूरनं पचवलं, आपलं केलं. बाबूरावांनी तर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला. याला गुलामी म्हणणार असाल तर मी कडाडून विरोध करेन.

रेषा_मंगळवारपेठ:
सर, गुलामी मी म्हणत नाही. तेलरंग ती ‘कला’ आणि वसलीवरचं काम ती ‘कारागिरी’, ही उतरंड त्या काळात पक्की झाली आणि आपण ती अजून मोडलेली नाही, एवढंच म्हणणं आहे. आपल्या किती पोरांनी वसली हातात धरलीय?

@जलरंग_रंकाळा, भावा, तुमचं दुखणं खरं आहे. पण सिकंदर यांनी ओळख स्वतः हातात घेतली, तुमच्यावर ती लोक लादतात. यात मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

जलरंग_रंकाळा:
बघणाऱ्याला तो फरक कळत नाही, ताई. अडचण तिथंच आहे. सिकंदर यांचं काम लघुचित्राच्या तासाला शिकवा, रेषा आणि कागदासकट. ‘मुस्लिम कलाकार’ म्हणून वेगळं व्याख्यान ठेवलंत तर मी येणार नाही. नुसरती मुसलमान, त्याची कथा मनोहर आणि मधुमालतीची. वर्गात ते हस्तलिखित पानापानानं उलगडून दाखवणार असाल, तर मी वसली घोटायला येतो.