फाफ्निर : हावेचे प्रतीक, की सोयीचा आरोपी?

धागाकर्ता : नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियातील, पुराणकथांतील फाफ्निर हा ड्रॅगन म्हणजे निखळ हाव, असे माझे मत आहे. बापाला, म्हणजे ह्राइडमारला, ठार करून त्याने सोने बळकावले आणि ग्निताहाइडच्या माळावर ते अंगाखाली घेऊन तो पडून राहिला. आपल्याकडच्या गुप्तधनावरील नागावर निदान राखणदारी कोणीतरी सोपवलेली असते. फाफ्निरला ते कोणीच सांगितले नव्हते.

प्रतिसाद १ : असहमत. सगळा दोष ड्रॅगनच्या माथी मारण्याआधी ते सोने आले कोठून, हे पाहावे. पाणमांजराच्या रूपात, डोळे अर्धवट मिटून मासा खात बसलेल्या ओट्रला, म्हणजे फाफ्निरच्या भावाला, लोकी या देवाने दगड मारून ठार केले. भरपाई म्हणून ते कातडे सोन्याने भरून वरूनही झाकून द्यायचे ठरले. ते सोने लोकीने आंद्वारी या बुटक्याकडून लुबाडले, त्याच्या हातची अंगठीही सोडली नाही, म्हणून त्याने शाप दिला. आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन याच्या ‘एड्डा’ या पुराणकथांच्या ग्रंथात तर ती अंगठी आवडली म्हणून खुद्द देवांचा प्रमुख ओदिन ठेवून घेतो, आणि मिशीचा एक केस उघडा राहिल्याचे ह्राइडमारने दाखवल्यावरच बाहेर काढतो. पुढे मुलांनी भरपाईत वाटा मागितला, तर बापाने तोही नाकारला. देव हावरे, बाप हावरा. मग राक्षस एकटा फाफ्निरच का?

धागाकर्ता : कारण इतरांना सोने हवे होते, पण जगण्यात दुसरेही काही होते. फाफ्निरपाशी राखण्यापलीकडे काहीच उरले नाही.

प्रतिसाद २ : त्या समाजात राजाची थोरवी सोन्याची कडी वाटण्यात होती, कवी राजाला ‘कडी मोडणारा’ म्हणत. त्यामुळे गुन्हा हवे असण्याचा नाही, अडवून ठेवण्याचा आहे. स्वीडनमधील रामसुंद येथील अकराव्या शतकातील शिल्पात ड्रॅगनचे शरीर हीच रून लिपीची पट्टी असून, फाफ्निरला मारणारा वीर सिगुर्ड तिला खालून तलवार खुपसताना दिसतो. त्या पट्टीवर लिहिले आहे ते मात्र सिग्रिड नावाच्या स्त्रीने पूल बांधल्याचे. धन लोकांच्या वाटेसाठी वापरणाऱ्या बाईने नेमके हेच चित्र कोरवून घ्यावे, हे मला बोलके वाटते.

प्रतिसाद १ : मग सिगुर्डचे काय? हे सोने तुझा जीव घेईल, असे मरता मरता फाफ्निर बजावतो, तेव्हा प्रत्येकाला शेवटच्या दिवसापर्यंत धन हवेच असते, असे उत्तर सिगुर्ड देतो आणि सगळा साठा ग्रानी घोड्यावर लादून निघतो. वाटप तोही करत नाही, तरी नायक तोच ठरतो.