इंटरनेट नेमकं चालतं कसं, हे फुकटात कुठे शिकू? नागपूरकरांनो, सुचवा

नंदनवनवाली:
बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात नेटवर्किंग आणि वेब, दोन्ही पेपर आहेत. बर्डीवरच्या क्लासची फी ऐकून घरी विषयच काढला नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे भरभर इंग्रजी बोलणारे व्हिडिओ डोक्यावरून जातात. मोबाईलचा दीड जीबी डेटा संध्याकाळीच संपतो. यूट्यूबवर इतकं पडलंय की सुरुवात कुठून करावी तेच कळून नाही राहिलं.

इतवारीचा_पोट्टा:
ताई, आधी आयआयटी मुंबईचं 'स्पोकन ट्युटोरियल' बघ. लिनक्स, पीएचपी-मायएसक्यूएल मराठी आवाजात आहे. सगळेच विषय मराठीत नाहीत, भाषेच्या यादीत तपासून घे. धडे साधारण दहा मिनिटांचे. कॉलेजच्या वायफायवर उतरवून ठेव. अर्ध्या स्क्रीनवर धडा लावायचा, अर्ध्यावर आपण तेच टाईप करायचं. नुसतं ऐकलंस तर झोप येईल, आवाज आकाशवाणीच्या बातम्यांसारखा आहे 😀

मिहानवाला:
वेबच्या पेपरला मोझिलाची एमडीएन ही साइट पुरे. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, एचटीटीपी सगळं आहे. इंग्रजीच आहे, पण वाचायचं असल्याने अडलं तिथे थांबता येतं, आणि डेटाही फार जात नाही. सरावाला फ्रीकोडकॅम्प. त्याचं प्रमाणपत्रही फुकट मिळतं.
नेटवर्किंगला एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, आयआयटी खरगपूरचा 'कॉम्प्युटर नेटवर्क्स अँड इंटरनेट प्रोटोकॉल' कोर्स. व्याख्यानं फुकट, पैसे परीक्षेला बसलीस तरच.

राउटरकाका:
पोरी, पाच साइट बुकमार्क करशील आणि एकही उघडणार नाहीस. आमच्याकडे येणाऱ्या ट्रेनींचं हेच होतं. वेबला एमडीएन, नेटवर्किंगला एनपीटीईएल, बाकीचं सुट्टीत.
एक मात्र कोणी सांगितलं नाही. इंटरनेटचे मूळ नियम, म्हणजे आरएफसी, कोणालाही फुकट वाचता येतात. आयपीचा, म्हणजे डेटाचे तुकडे (पॅकेट) पत्त्यावर कसे पोचवायचे त्या नियमाचा, आरएफसी ७९१ सप्टेंबर १९८१ चा, जेमतेम ४५ पानं. डीएनएसचे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचे, १०३४ आणि १०३५ नोव्हेंबर १९८७ चे. अख्खे वाचू नको, झेपणार नाहीत. ७९१ मधली हेडरची, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीची, आकृती तेवढी काढ, पेपरात तीच विचारतात.
त्या आकृतीत 'टाइम टू लिव्ह' नावाचा आठ बिटांचा रकाना आहे. वाटेत पॅकेट पुढे ढकलणारं प्रत्येक यंत्र, म्हणजे राउटर, तो आकडा एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ट्रेसर्ट (tracert) आणि पुढे एखाद्या साइटचं नाव टाक. ट्रेसर्ट त्या रकान्यात आधी १ लिहून पॅकेट पाठवतो, मग २, मग ३, आणि वाटेतला एकेक राउटर आपला पत्ता सांगतो. हॉटस्पॉटवर असशील तर पहिली ओळ तुझ्याच मोबाईलची दिसेल.

नंदनवनवाली:
काका, करून पाहिलं! पहिली ओळ खरंच मोबाईलची निघाली. पण चौथ्या-पाचव्या ओळीवर नुसत्या चांदण्या आल्या आणि 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. नेट बिघडलं काय?

राउटरकाका:
नाही. काही राउटर उत्तरच देत नाहीत, कंपनीवाल्यांनी ते बंद ठेवलेलं असतं. त्यांच्यापुढच्या ओळी आल्या ना? मग पॅकेट जाऊन राहिलंय.

इतवारीचा_पोट्टा:
काका, तुम्हीच क्लास काढा बर्डीवर.

राउटरकाका:
फी परवडेल का तुला?