मदत हवी आहे: पिल्लाचा मागचा पाय ताठ झालाय, निओस्पोरा (स्नायूत शिरणारा परजीवी) असेल का?

आमच्या गोठ्यावरच्या कुत्रीची चार पिल्लं, नऊ आठवड्यांची. त्यातला बोका (नाव मुलीने ठेवलंय, मी काय करू) पंधरा दिवसांपूर्वी सशासारखा दोन्ही मागचे पाय एकदम टाकून पळायला लागला. आम्ही हसलो. आता उजवा पाय गुडघ्यात वाकतच नाही, काठीसारखा पुढे ताठ. मांडी हाताला लागत नाही, नुसतं हाड. खातो मात्र दणकून, शेपूटही हलवतो.

आधी कॅल्शियमची इंजेक्शनं झाली. एक्स-रेत हाडं चांगली निघाली. रक्तात सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) खूप वाढलंय, म्हणून डॉक्टरांना स्नायूतल्या परजीवीची शंका आहे. अँटिबॉडीचा रिपोर्ट यायला आठवडा लागेल. तोवर थांबायचं का? कालपासून दुसरं पिल्लूही पायरीवर अडखळतंय.

दिवाळीत एक गाय पाचव्या महिन्यात गाभडली होती. तिची वार कुत्रीने खाल्ली. त्याचा संबंध असेल?

उत्तर: दादा, थांबू नका. डॉक्टरांना आजच क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं विचारा. वजनावर डोस, दिवसातून दोनदा, निदान चार आठवडे, आणि चारही पिल्लांना. पोटात असतानाच आईकडून आलेलं असतं, त्यामुळे धडधाकट दिसणारंही सुटलेलं असेलच असं नाही. कॅप्सूल दिलीत तर वर पाणी पाजा, अन्ननलिकेत अडकली तर आतून पोळते. स्टेरॉइड कुणी सुचवलं तर आधी निओस्पोराची शंका सांगा.

पक्कं निदान स्नायूचा तुकडा काढून होतं, पण त्यासाठी भूल द्यावी लागते. नुसत्या अँटिबॉडी आईच्याही असू शकतात, म्हणून रिपोर्ट लक्षणांसोबत वाचायचा. बोकाचा आखडलेला पाय सरळ होणं अवघड आहे, खोटी आशा देत नाही. अडखळणाऱ्याला मात्र वेळेत धरलंत.

वारेचा संबंध असू शकतो. कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यात, चाऱ्यातून गाईत, असं हे फिरतं. वार खोल पुरत जा. कुत्रीची नसबंदी करा, पुढच्या वेतातही हेच होऊ शकतं. माणसांना यापासून आजार झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.

धागाकर्ता: ताई, औषध संध्याकाळीच सुरू केलं. गोठ्यात अजून दोन गाभण गाई आहेत आणि कुत्री रात्री गव्हाणीतच झोपते. त्यांचं रक्त आत्ता तपासायचं की व्यायल्यावर?