प्रोजेक्ट संपतोय, पुढे काय?

प्रश्न: विद्यापीठात रिसर्च असोसिएट आहे. मार्चअखेर प्रोजेक्ट संपतो. उणे ऐंशीच्या फ्रीजरमधल्या माझ्या नमुन्यांच्या डब्यांवर सध्या दुसऱ्याचं नाव लिहितेय, हात जड होतो. शिकवण्याचा अनुभव नाही. करिअरबद्दल बोलायचं तरी कुणाशी?

उत्तर: ताई, मी ब्रिटनमध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करतो. इथल्या २०१९च्या संशोधक-करारानुसार वर्षाला किमान १० दिवस स्वतःच्या वाढीसाठी मिळतात. पण मागावे लागतात! तुम्हीही आठवड्यातून एक तास एमएस्सीला शिकवायला मागा.

उत्तर: आधी सरांकडून अनुभवपत्र घे. त्यात तारखा, पद, मानधन सगळं हवं. जानेवारी २०२३पासून केंद्राच्या नियमाने आरए-१ला (रिसर्च असोसिएटची पहिली श्रेणी) दरमहा ५८,००० अधिक घरभाडं आहे; तुझं तपासलंस का?

प्रश्नकर्ती: नाही तपासलं. सोमवारी दोन्ही विचारते.