मुलगी ११ वर्षांची, राइटी आहे. लेफ्टी स्लॅपिंग आत्ता सुरू करावं की थांबावं?

सातारकर_डॅलस:
नमस्कार मंडळी. इथे सॉफ्टबॉलवाल्या मुलींचे आईबाबा आहेत आणि तिकडे महाराष्ट्रात स्वतः खेळलेले पण काहीजण आहेत, म्हणून जरा सविस्तर विचारतीये. मुलगी ११ वर्षांची, १२यू (१२ वर्षांखालच्या) ट्रॅव्हल टीममध्ये सेंटर फील्ड आणि कधीकधी सेकंड बेस खेळते. लिहिणं, थ्रो, बॅटिंग सगळं उजव्या हाताने. अंगाने बारीक आहे पण पळायला जबरदस्त, टीममध्ये तिच्यापुढे कोणी नाही. बॅटिंगचं म्हणाल तर बॉलला बॅट लागते, स्ट्राइकआउट फार होत नाही, पण मारलेला बॉल इन्फिल्डच्या बाहेर क्वचितच जातो आणि शॉर्टस्टॉपने उचलून फेकला की अर्ध्या पावलाने आउट. आता कोच म्हणतायत हिला डाव्या बाजूने उभी करू, स्लॅपर करू (म्हणजे पळत पळतच बॉल जमिनीवर ढकलून बेस गाठणारी), या फॉलपासूनच आणि थेट मॅचमध्येच, शिकेल आपोआप. नवरा क्रिकेटवाला, त्याचं म्हणणं नॅचरल साइड अजिबात मोडायची नाही. मला दोघांचंही थोडं थोडं पटतंय आणि तीच अडचण आहे. वय बरोबर आहे का? उजवी बॅटिंग पूर्ण सोडायची का? आणि मुळात आपली मुलगी स्लॅपर होण्यासारखी आहे हे ओळखायचं कसं? तिला २०२८ च्या ऑलिंपिकचं सॉफ्टबॉल बघायला ओक्लाहोमा सिटीला जायचंय, आत्तापासून दिवस मोजतीये, इतकं वेड आहे. त्यामुळे घाईत काहीतरी करून तिचा रस जायला नको एवढंच वाटतं.

खानदेशी_शॉर्टस्टॉप:
ताई, मी राज्याकडून खेळलीये आणि आता जळगावला शाळेत मुलींना शिकवते, त्यामुळे माझ्या अनुभवापुरतं सांगते. वय बरोबर आहे. ११ ते १३ हा काळ चांगला, कारण तोवर पाय आणि हात एकत्र चालवायची समज आलेली असते आणि जुनी सवय इतकी घट्ट झालेली नसते. त्याच्या आधी, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलीला पळत पळत बॉल मारायला लावलं की ती फक्त पळते, बॉल बघतच नाही. पण वयापेक्षा तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे वेग, आणि तो डोळ्याने नाही, घड्याळावर. बॅटला बॉल लागल्यापासून फर्स्ट बेसवर पाय पडेपर्यंत किती सेकंद ते मोजा. अंतर ६० फूट, मोठ्या मुलींमध्ये चांगली स्लॅपर ३ सेकंदांच्या आत पोहोचते, कॉलेज लेव्हलच्या तर २.७-२.८ ला. तुमची ११ वर्षांची एवढी नसणारच, ते सोडा, पण आपल्या वयाच्या मुलींपेक्षा ती घड्याळावर स्पष्ट पुढे आहे का ते बघा. डाव्या बाजूने उभं राहिलं की बेस एक-दोन पावलं जवळ येतो आणि स्लॅपमध्ये तर बॉल लागतो तेव्हा पोरगी पळायच्या दिशेने निघालेलीच असते. अर्ध्या पावलाने आउट होतीये म्हणता ना, ते अर्धं पाऊल इथेच भरून निघतं.

दुसरी गोष्ट, बॉलला बॅट लागते का. तुम्ही लिहिलंय लागते, हे फार महत्त्वाचं. ज्या मुलीला उजव्या बाजूनेही बॉल सापडत नाही तिला डावीकडे नेऊन काही होत नाही, तोच गोंधळ दुसऱ्या बाजूला सुरू होतो. तिसरी गोष्ट तिची स्वतःची इच्छा. कोचची नाही, तुमची नाही.

नवऱ्याला सांगा, आपल्या सांगलीची स्मृती मानधना बॉलिंग उजव्या हाताने करते आणि बॅटिंग डावीने. बेसबॉलमध्ये इचिरो, थ्रो उजवा आणि बॅटिंग डावी. उजव्या हाताच्या माणसाने डावीकडे उभं राहिलं की जोरातला हात बॅटच्या खाली, नॉबजवळ येतो आणि स्लॅपमध्ये बॅट वळवायचं काम तोच हात करतो. म्हणजे राइटी असणं इथे आड येत नाही, उलट मदत होते.

फ्रीमाँटचा_बाबा:
माझी मोठी आता १६यू खेळते, तिने याच वयात बाजू बदलली, आणि आम्ही जे केलं त्यात वय वगैरेपेक्षा सीझनचं टायमिंग जास्त कामाला आलं असं मला वाटतं. मॅचमध्ये शिकेल आपोआप, हे कोचचं म्हणणं मात्र मला पटत नाही. १२यूला पिचर ४० फुटांवरून टाकते, बॉल १२ इंच घेराचा, हातात नवीन बाजू आणि पायात नवीन स्टेप, वरून स्टँडमधून सगळे ओरडतायत, यात मूल शिकत नाही, घाबरतं. आम्ही पूर्ण ऑफसीझन दिला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सुरुवातीला बॅटच नाही, गराजमध्ये खडूने बॅटर्स बॉक्स काढला, ७ बाय ३ फुटांचा, आणि नुसती पावलं. उजवा पाय थोडा मागे घेऊन उघडायचा, डावा पाय त्याच्यावरून क्रॉस करून पिचरच्या दिशेने टाकायचा. पिचरच्या दिशेने, फर्स्ट बेसच्या नाही! ही गोष्ट आमच्या लेकीच्या अंगात भिनायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पोरींना पळायची एवढी घाई असते की खांदा उघडतो, मान फर्स्ट बेसकडे वळते, आणि बॅट नुसती हवेत फिरते किंवा बॉल फाउल. खांदा बंद, नजर बॉलवर, बॉल अंगाजवळ येऊ द्यायचा आणि उशिरा, शॉर्टस्टॉपच्या बाजूला जमिनीवर मारायचा. क्रिकेटवाल्या बाबांना असं सांगा की डावखुऱ्या बॅट्समनने उशिरा खेळून कव्हरकडे ढकललेला बॉल, फक्त चालत चालत.

त्यानंतर टी, म्हणजे बॉल ठेवायचा स्टँड, तो पण पुढे नाही, मागे आणि बाहेरच्या कोपऱ्यावर. मग जवळून फ्रंट टॉस, म्हणजे समोरून हळू टाकलेला बॉल. शॉर्टस्टॉप आणि थर्डच्या मध्ये दोन कोन ठेवायचे, त्यातून बॉल गेला पाहिजे. आणि त्या काळात फॉलच्या ज्या काही मॅच होत्या त्यात ती उजव्या बाजूनेच खेळली. स्प्रिंगमध्ये आधी फ्रेंडलीमध्ये, मग पूल प्लेमध्ये (टूर्नामेंटच्या सुरुवातीच्या गट-मॅचमध्ये) डावीकडून, ब्रॅकेटच्या (बाद फेरीच्या) मॅचला राइटी. हे कोचशी आधी बोलून ठरवलं होतं, लेखी नाही पण स्पष्ट, आणि तुम्हीही तसंच करा असं सुचवेन, कारण सहा वेळा आउट झाल्यावर बेंचवर बसवणार असतील तर मूल दुसऱ्यांदा प्रयत्न करणार नाही.

एक नियम पहिल्या दिवसापासून अंगात भिनवा. बॉलला बॅट लागते त्या क्षणी पाय पूर्ण बॉक्सच्या बाहेर जमिनीवर असेल तर बॅटर आउट आणि रनर परत मागे. चेंजअपवर, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेल्या बॉलवर, स्लॅपर मुली हमखास इथे सापडतात, बॉल येतच नाही आणि पोरगी बॉक्सच्या बाहेर. म्हणून खडूची रेघ महत्त्वाची. बॉक्समध्ये मागच्या बाजूला उभं राहायचं म्हणजे पुढे जागा मिळते.

अमरावतीची_पिचर:
मी थोडं वेगळं लिहिते, कारण मी बॉल टाकणारी होते. ज्या स्लॅपरला फक्त स्लॅप येतो तिला आउट करणं आम्हाला अवघड वाटायचं नाही. थर्ड बेसला चार पावलं आत बोलवायचं, शॉर्टस्टॉप पुढे, आउटफिल्ड पण पुढे, आणि बॉल आत, म्हणजे बॅटरच्या अंगाजवळ, छातीच्या उंचीवर. नाहीतर चेंजअप. भीती वाटायची ती तीनही गोष्टी करणाऱ्या मुलीची. थर्ड आत आली की जोरात मारणार, मागे राहिली की बंट (बॅट न फिरवता बॉल हळूच जवळ टाकणं) ठेवून पळणार, शॉर्टस्टॉप हलली की तिच्या मागच्या रिकाम्या जागेत स्लॅप. नताशा वॉटली बघा, अमेरिकेकडून २००४ ला गोल्ड आणि २००८ ला सिल्व्हर, तिच्यासमोर डिफेन्सला नक्की कुठे उभं राहायचं हाच प्रश्न पडायचा. केटलिन लो पण त्याच जातीची, २००८ च्या टीममधली.

म्हणून माझं मत असं की डावीकडे न्यायचं तर आधी डाव्या बाजूने साधा, पूर्ण स्विंग शिकवा. उभं राहून, पाय न हलवता. त्यात बॉल दिसायला लागला, लाइन ड्राइव्ह (जोरात सरळ जाणारे फटके) यायला लागले की मग बंट, मग पळता स्लॅप. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, आधी स्लॅप, कारण त्याचा रिझल्ट लगेच दिसतो. लहान वयोगटात तर नुसता जमिनीवर टप्पा पडला तरी इन्फिल्डच्या मुली गडबडतात, थ्रो फर्स्टच्या डोक्यावरून जातो आणि आईबाबांना वाटतं पोरगी स्लॅपर झाली. १४यूला गेल्यावर पिचर ४३ फुटांवर जाते खरी, पण बॉलचा वेग वाढलेला असतो, बॉल हलायला लागलेला असतो आणि शॉर्टस्टॉपचा थ्रो सरळ छातीत येतो, मग जमिनीवरून घरंगळणाऱ्या त्याच बॉलवर मुली आउट व्हायला लागतात.

अजून एक काळजी. ११-१३ मध्ये मुली झपाट्याने उंच होतात, काहींचे पाय एकदम लांब होतात आणि काही महिने पळण्याची लय जाते. आज सगळ्यात वेगवान असलेली उद्या असेलच असं नाही, आणि आज बारीक असलेली १४ व्या वर्षी फेन्सवर बॉल मारेल, असंही होतं. तेव्हा उजवी बाजू बंद करू नका. आठवड्यातून थोडा वेळ तरी उजव्या बाजूने टीवर आणि टॉसवर राहू द्या. ती हिट करत नाही म्हणून स्लॅपर करा, हे कारण मला चुकीचं वाटतं. ती इतकी वेगवान आहे की तिला बेसवर पोहोचवण्याचा अजून एक मार्ग द्यायला हवा, हे कारण बरोबर. बेसवर गेली की पिचरच्या हातातून बॉल सुटला की तिला निघता येतं, सेकंड तिचाच.

खानदेशी_शॉर्टस्टॉप:
पिचरताईंचं फुल स्विंग आधी हे मला पटतं, पण उजवी बाजू किती दिवस ठेवायची यावर थोडा मतभेद. दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिला तर एकही पक्की होत नाही, आमच्याकडे तर प्रॅक्टिसला तास-दीड तासच मिळतो आणि त्यात फिल्डिंगही करायची असते. सुरुवातीला दोन्ही ठेवा, पण सीझनभर डावीकडे जमतंय असं दिसलं की मग वेळेचा मोठा वाटा डावीकडेच जाऊ द्या. आणि मैदानाचा पण विचार करा. आमच्याकडे उन्हाळ्यात मैदान दगडासारखं कडक, वरून खाली मारलेला बॉल टप्पा पडून डोक्यावर जातो, तो खाली येईपर्यंत मुलगी बेसवर. तुमच्याकडे ओली माती किंवा टर्फ असेल तर तो उंच टप्पा मिळेलच असं नाही, तिथे जागा बघून मारायला जास्त शिकवावं लागेल.

सातारकर_डॅलस:
खूप खूप आभार सगळ्यांचे, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. शनिवारी ग्राउंडवर जाऊन स्टॉपवॉच लावला. उजवीकडून मारून पळाली तर ३.४ च्या आसपास, डावीकडे नुसतं उभं राहून, खोटा स्विंग करून पळाली तर ३.२ च्या आत-बाहेर. टीममधल्या अजून दोघींचं पण मोजलं, त्या बऱ्याच मागे. मग तिलाच विचारलं, तर म्हणाली मला करायचंय पण मॅचमध्ये सगळ्यांसमोर पहिल्यांदा नको. म्हणजे तुम्ही जे म्हणताय तेच ती म्हणतीये. कोचशी बोलले, फॉल उजवीकडून खेळेल आणि नोव्हेंबरपासून डावीकडे काम, आधी फुल स्विंग. ते तयार झाले, थोडे नाखुशीने पण झाले. नवऱ्याने स्मृतीचं नाव ऐकल्यावर विरोध मागे घेतला आणि आता गराजमध्ये खडूचा बॉक्स त्यानेच आखलाय. एकच शंका राहिली. डावीकडे उभी राहिली की आतला बॉल आला तर ती जागीच थिजते, उजवीकडे तसं होत नाही. हे आपोआप जाईल का?

अमरावतीची_पिचर:
आपोआप नाही जाणार, शिकवावं लागेल, आणि बॅट हातात द्यायच्या आधी शिकवा. उजवीकडे तिचं अंग वर्षानुवर्षांच्या सवयीने वळतं, डावीकडे ती सवयच नाहीये. टेनिस बॉल घ्या, हळू टाका, मुद्दाम अंगावर. तिने पिचरकडे पाठ फिरवायची, म्हणजे उजवा खांदा आत, कॅचरच्या दिशेने वळवायचा, हनुवटी छातीला, बॅट खाली, आणि बॉल पाठीवर किंवा दंडाच्या मागच्या बाजूला लागू द्यायचा. छाती उघडी करून मागे उडी मारू देऊ नका, मुली तसंच करतात आणि बॉल बरगडीत किंवा हातावर बसतो. पळता स्लॅप सुरू झाला की हे परत करा, कारण तेव्हा ती स्वतः बॉलकडे चाललेली असते आणि वळायला वेळ कमी असतो. एल्बो गार्ड असेल तर आता तो उजव्या हाताला, पिचरकडे तोच हात येतो. हेल्मेटला फेस मास्क आहेच ना?

सातारकर_डॅलस:
हो, मास्क आहे. टेनिस बॉल आजच काढते.