पिल्लं थंडीनं जातात की उपासमारीनं?

वर विचारलंय, वादळात समुद्रपक्ष्यांची पिल्लं नेमकी कशानं दगावतात. बहुतेकदा थंडी आणि भूक, दोन्हीनं. पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. मऊ लव भिजून अंगाला चिकटली की संपलंच. आईबापानं पंखाखाली घेऊन बसावं, तर मासे कोण आणणार? पाणी खवळून गढूळ झालं की सूर मारणाऱ्या सुरय (टर्न) पक्ष्यांना मासा दिसतच नाही.

हे फक्त समुद्रावर नाही. कर्नाटकातल्या भद्रा धरणात पाणी उतरलं की बेटांवर नदी सुरय उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. बेळगाव-खानापूरकडं एप्रिल-मेचा वळीव गारांसकट कसा कोसळतो, आपण बघतोच. तशा माऱ्यात त्या ठिपक्याठिपक्यांच्या पिल्लांना आडोसा कसला? आभाळ भरलेलं असताना फोटोसाठी बेटाजवळ होडी नेऊ नका, हात जोडून सांगतो. पालक उडाले की पिल्लं उघडी पडतात.